डबीवरचे कॅल्शियम

कंबर धरली, गुडघे कुरकुरू लागले, जिना चढताना टाच दुखली, की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: कॅल्शियम कमी झाले. पुढचा प्रश्नही ठरलेला. कोणती गोळी घ्यावी? चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांतील शाळांत हा प्रश्न बहुधा शिक्षकांपाशीच येतो. गावात डॉक्टर रोज नसतो, शिक्षक मात्र रोज असतो. आणि डबीवरचे बारीक अक्षर वाचून दाखवणारा म्हणूनही लोक त्याच्याकडेच पाहतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणारे जे साहित्य आपल्यापुढे येते, म्हणजे डबीवरचा मजकूर, जाहिराती, आहाराचे तक्ते आणि तोंडोतोंडी पसरलेले उपाय, ते मात्र तपासून घेण्याजोगे आहे. आम्ही येथे त्याचीच झडती घेणार आहोत.

सुरुवात डबीपासून करू. गोळीत कॅल्शियम सुटे नसते, ते संयुगाच्या रूपात असते. सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त खपणारे संयुग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियमचा अणुभार ४०, कार्बनचा १२, ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८, बेरीज १००. म्हणजे १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. नववीच्या विद्यार्थ्याला हा हिशेब पाच मिनिटांत जमतो, पण डबीवर मोठ्या अक्षरांत कधी १२५० असते, कधी ५००, आणि गिऱ्हाईक मोठ्या आकड्याची डबी उचलते. इतर संयुगांत फरक आणखी मोठा आहे. सायट्रेटमध्ये कॅल्शियम सुमारे २१ टक्के, लॅक्टेटमध्ये १३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये अवघे ९ टक्के. कॅल्शियम लॅक्टेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळीत जेमतेम ३९ मिलिग्रॅम कॅल्शियम भरते. तेवढे सहा-सात चमचे दुधात मिळते. तेव्हा डबी हातात घेतल्यावर पहिली नजर ‘समतुल्य कॅल्शियम’ या ओळीकडे गेली पाहिजे. ती ओळच नसेल, तर ती डबी परत ठेवावी.

‘नैसर्गिक’, ‘शिंपल्यापासून’, ‘प्रवाळयुक्त’ हे शब्द मात्र खुशाल वगळावेत. शिंपला, प्रवाळ, अंड्याचे टरफल आणि कोरपना-गडचांदूर पट्ट्यातला ज्याचे सिमेंट होते तो चुनखडक, या सर्वांचा मुख्य घटक एकच: कॅल्शियम कार्बोनेट. गोळीतले कार्बोनेट शुद्ध केलेले असते, एवढाच महत्त्वाचा भेद. आणि तो शुद्धीकरणाच्या बाजूने आहे, निसर्गाच्या नव्हे. कच्च्या शिंपल्यांच्या व हाडांच्या भुकटीत शिसे आढळल्याचे दाखले आहेत. प्रवाळाच्या नावाने दाम वाढते, दर्जा नाही.

मग कोणाला काय मानवते? कार्बोनेट विरघळायला जठरातील आम्ल लागते, म्हणून ते जेवणाबरोबर घ्यायचे. ज्यांना आम्लपित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या कायम चालू आहेत, किंवा वयोमानाने आम्ल कमी झाले आहे, त्यांना सायट्रेट बरे पडते. ते उपाशीपोटीही शोषले जाते. कार्बोनेटने काहींना बद्धकोष्ठ आणि पोटफुगी होते, तेव्हाही सायट्रेटकडे वळता येते, फक्त गोळ्या जास्त लागतात आणि पैसेही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम घेण्यात अर्थ नाही, कारण मात्रा वाढते तसा शोषणाचा टक्का घसरतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. मूतखडा होऊन गेलेल्याने किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरला विचारल्यावाचून यात पडू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक म्हणून दिलेली असते. ती रोज एक घेतल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढलेले रुग्ण आपल्या देशात नोंदले गेले आहेत.

गोळी पोटात विरघळते का, याची एक सोपी चाचणी वर्गात करता येते. कार्बोनेटची गोळी (चघळण्याची नव्हे, गिळण्याची) अर्ध्या पेल्याहून थोड्या जास्त व्हिनेगरमध्ये टाकावी आणि अधूनमधून हलवावे. अर्ध्या तासात तिचा भुगा झाला पाहिजे. नाही झाला, तर पोटातही ती दगडासारखी पुढे सरकण्याची शक्यता बरीच. शेजारच्या पेल्यात अंड्याचे टरफल ठेवले, तर दोन्हीकडे तेच बुडबुडे दिसतील, आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावर वेगळे भाष्य करावे लागणार नाही.

लोहाच्या गोळीबद्दल शिक्षकांनी विशेष जागरूक असावे, कारण साप्ताहिक लोह-फॉलिक आम्लाची निळी गोळी मुलांना शाळेतच दिली जाते. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेले, तर लोहाचे शोषण घटते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये गर्भवतींसाठी काढलेल्या सूचनांत हे स्पष्ट आहे: चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० एकके ‘ड’ जीवनसत्त्व, आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत. घरी मात्र दोन्ही गोळ्या एका घोटात उरकल्या जातात. रक्तक्षय ज्या भागात घरोघरी आहे, तेथे ही चूक स्वस्तातली नाही.

गर्भवतींना कॅल्शियम कशासाठी, याविषयीही गैरसमज आहे. ‘बाळाची हाडे मजबूत व्हावीत म्हणून’ असे सर्रास सांगितले जाते. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, अशा स्त्रियांमध्ये ही गोळी गर्भारपणातील घातक रक्तदाबाचा विकार कमी करते, हा तिचा सिद्ध झालेला मोठा गुण आहे. बंगळुरू आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० गर्भवतींवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या कामी रोज ५०० मिलिग्रॅमही १५०० मिलिग्रॅमच्या तोडीचे ठरले. हाडांचे म्हणाल, तर पश्चिम आफ्रिकेतील गांबियाचा अनुभव विचारात पाडणारा आहे. तेथील खेड्यांतील स्त्रियांच्या आहारात रोजचे कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. त्यांना गर्भारपणात १५०० मिलिग्रॅम देऊनही आईच्या दुधातले कॅल्शियम वाढले नाही, बाळाच्या हाडांतही फरक पडला नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निष्कर्षात तर गोळ्या घेतलेल्या मातांच्याच हाडांतील खनिज स्तनपानाच्या काळात जास्त घटलेले आढळले. कमी कॅल्शियमवर जगायला शिकलेले शरीर अचानक आलेल्या भरतीमुळे आपली काटकसर विसरते, अशी एक उपपत्ती आहे. यावरून कोणी सरकारी गोळी बंद करू नये. ती रक्तदाबासाठी आहे आणि तेथे ती उपयोगी आहे. पण जिच्यावर आपण लोकांना विश्वास ठेवायला सांगतो, त्या गोष्टीचे कारण तरी खरे सांगावे.

शरीर किती जुळवून घेते हे नवे ज्ञान नव्हे. हेगस्टेड यांनी पेरू देशातील तुरुंगातल्या कैद्यांवर केलेला अभ्यास १९५२ सालचा; कमी कॅल्शियमच्या आहाराला सरावलेल्या त्या पुरुषांचा जमाखर्च फार थोड्या कॅल्शियमवर जुळत होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशी पाहा. प्रौढांसाठी १९९० च्या सुमारास ४०० मिलिग्रॅम, २०१० मध्ये ६००, २०२० मध्ये १०००. तीस वर्षांत आपली हाडे अडीच पट भुकेली झाली नाहीत. शिफारशीचा आकडा जवळजवळ सर्वांची गरज भागावी इतका वर ठेवलेला असतो, आणि तो ठरवण्याची रीत बदलली. तो आकडा समाजाच्या आहाराचे नियोजन करण्यासाठी आहे. ‘तुमचे ६०० मिलिग्रॅम कमी पडतात, ही घ्या गोळी’ असे जाहिरातीत वजाबाकी करण्यासाठी नाही. अमेरिकेत ३६,२८२ वयस्क स्त्रियांवर सात वर्षे चाललेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व देऊन खुब्याच्या हाडाची घनता सुमारे एक टक्का जास्त राहिली, खुबा मोडण्याचे प्रमाण खात्रीने म्हणावे इतके घटले नाही, मूतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

आता आहाराचे तक्ते. शाळेच्या भिंतीवर कॅल्शियम म्हटले की दुधाचा पेला काढलेला असतो. भामरागड-एटापल्लीच्या माडिया वस्तीत हे चित्र परके आहे. गाईचे दूध तिच्या वासराचे, अशी तेथली परंपरा. माणसाने ते काढून घेण्याची चाल नव्हती. या समजुतीला अडाणीपणा म्हणणारे मास्तर आम्हाला अडाणी वाटतात. ज्या प्रदेशात पिढ्यान्पिढ्या दुधावाचून माणसे ताठ उभी राहून डोंगर चढली, तेथे कॅल्शियम येते कोठून, हा विज्ञानाच्या तासाला विचारण्याजोगा उत्तम प्रश्न आहे.

भातातून नक्कीच नाही. पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम दहा मिलिग्रॅमही भरत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नाचणीत तेच ३६४ मिलिग्रॅम आहे. पलीकडे बस्तरात मंडिया म्हणून ती अजून पेज करून प्यायली जाते. अलीकडे स्वस्त धान्याच्या तांदळाने तिला ताटाबाहेर ढकलले. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने, मुंगण्याचा पाला, रानभाज्या. आणि ज्याकडे तक्ते करणाऱ्यांचे लक्ष कमी जाते ते म्हणजे बोटाएवढे मासे. या भागातल्या मालगुजारी तलावांत आणि बोड्यांत धरलेले बारीक मासे काट्यासकट खाल्ले जातात, सुकवून ठेवले जातात. त्या काट्यांतच कॅल्शियम असते. बांगलादेशातील अशाच लहान माशांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातील कॅल्शियमचे शोषण दुधाच्या बरोबरीने झाले. मोठ्या माशाचा काटा आपण ताटाबाहेर टाकतो; मासा महाग, कॅल्शियम वाया.

तक्त्यांची दुसरी उणीव अशी की ते पदार्थात किती आहे हे सांगतात, शरीरात किती जाते हे नाही. दुधातले सुमारे ३० टक्के कॅल्शियम शोषले जाते, पालकातले ५ टक्के. पालकातील ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवते. तीळ तक्त्यात १००० मिलिग्रॅमच्या वर दिमाखात उभा असतो, पण त्याचे बरेचसे कॅल्शियम सालीत आणि तेही ऑक्झलेटच्या पकडीत असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळाला तो आकडा लावणे तर साफ चूक. मुळ्याचा पाला, कोबी, मोहरीचा पाला यांत ऑक्झलेट कमी, म्हणून त्यांचा छोटा आकडा जास्त भरवशाचा.

यानंतर चुना. ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा, हाडांचे सगळे विकार जातील’ हा उपदेश गेली काही वर्षे गावोगाव फिरतो आहे, आणि शिकलेली माणसे तो दुसऱ्यांना पाठवतात. आकडेमोड करून पाहू. गव्हाच्या दाण्याचे वजन सुमारे ४० मिलिग्रॅम. तेवढ्या भिजवलेल्या चुन्यात निम्मे पाणी धरले, तर कोरडा चुना २० मिलिग्रॅम. विझवलेल्या चुन्यात, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये, कॅल्शियम ५४ टक्के. उत्तर: साधारण ११ मिलिग्रॅम. दोन चमचे दुधाइतके. २०२० च्या शिफारशीच्या जेमतेम एक टक्का. गाजावाजा डोंगराएवढा आणि हाती उंदीरही नाही. कोणी म्हणेल, मग जास्त खाऊ. चुना दाहक आहे. तोंडाची, अन्ननलिकेची त्वचा भाजते, आणि बाजारातल्या चुन्यात आणखी काय मिसळले आहे याची हमी कोणी देत नाही. तैवानमध्ये चुना लावून सुपारी चघळणाऱ्यांत रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी १९९० च्या दशकात झाल्या आहेत.

चुन्यातून कॅल्शियम मिळूच शकत नाही असे आमचे म्हणणे नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन त्याच्या भाकऱ्या करतात, आणि तेथल्या गरिबांच्या आहारातला कॅल्शियमचा मोठा वाटा त्यातूनच येतो. पण आपल्याकडे चुना भाकरीतून पोटात जात नाही, खर्र्यातून जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यावर घोटून केलेला खर्रा या दोन जिल्ह्यांत शाळकरी मुलांच्या खिशापर्यंत पोहोचला आहे. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालतो तो काही उगीच नव्हे. खर्र्यात चुन्याचे काम एकच: तंबाखूतले निकोटिन मोकळे करून ते तोंडाच्या त्वचेतून चटकन रक्तात पोचवणे. आणि तंबाखू हाडांचीही घनता घटवते. ‘चुन्याने कॅल्शियम मिळते’ हे वाक्य वर्गात सहज बोलून जाणाऱ्या शिक्षकाने, ते ऐकणाऱ्या मुलाला त्यातून कोणती सबब मिळते, याचा विचार करावा.

येथवर आपण कॅल्शियम कमी आहे असे गृहीत धरले. या प्रदेशात ते गृहीत धरणेच धोक्याचे आहे. मुलाचे हातपाय, पाठ, छाती वारंवार ठणकते, मधूनच ताप येतो, डोळे पिवळसर दिसतात. अशा मुलाला कॅल्शियमचे सरबत पाजत राहणे म्हणजे सिकलसेलचे निदान लांबवणे. त्या आजारात वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी हाडांतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, वेदना तेथून येते. काहींच्या खुब्याचे हाड रक्तावाचून मरते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करण्याचे ठरले. रक्ताच्या थेंबावर होणारी ही तपासणी कोणत्याही गोळीच्या डबीपेक्षा आधी यायला हवी.

दुसरे कारण पाण्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, राजुरा या बाजूच्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळले आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालते, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. वर्षानुवर्षे याहून जास्त पोटात गेले, तर पाठ ताठरते, सांधे आखडतात, उकिडवे बसता येत नाही. आपल्या देशात हाडांच्या या विकाराची पहिली नोंद १९३७ मध्ये नेल्लोर भागातून झाली. रुग्ण ‘कंबर धरली’ असेच म्हणतो, आणि आपण ‘कॅल्शियम कमी’ असेच म्हणतो.

यात खरी गंमत, किंवा खरी गफलत, हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राची आहे. फ्लोराइडने हाड दाट होते. यंत्र चांगला आकडा दाखवते आणि हाड मात्र ठिसूळ असते. हे नुसते तर्काने ठरलेले नाही. १९९० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रिग्ज आणि सहकाऱ्यांनी हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना औषध म्हणून चार वर्षे सोडियम फ्लोराइड दिल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली, मणके मोडण्याचे प्रमाण भरवशाने घटले नाही, आणि हातापायांची हाडे उलट जास्त मोडली. घनतेच्या आकड्यावर गोळ्या विकणाऱ्या शिबिरांत हा प्रयोग कोणी सांगत नाही.

कॅल्शियमचा येथे उपयोग आहे, पण निराळा. आहारात कॅल्शियम पुरेसे असले, तर ते आतड्यात फ्लोराइडला बांधते आणि त्याचा थोडा भाग बाहेर जातो. कॅल्शियमची उणीव असलेल्या मुलांत फ्लोराइडची बाधा जास्त विद्रूप होते. जमिनीखालीही हाच नियम चालतो. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, त्यात सहसा फ्लोराइड फार चढत नाही. ज्याने डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही म्हणून बायका नाके मुरडतात, त्या जड पाण्याच्या विहिरीतून उलट रोज शंभर-दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम फुकट मिळत असू शकते. चवीवरून मात्र फ्लोराइड कळत नाही. कळते ते मुलांच्या दातांवरून: कायमच्या दातांवर आडवे खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे, घासून न जाणारे, आणि एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या बऱ्याच मुलांत. सहावी-सातवीच्या वर्गात ही पाहणी एका तासाचे काम आहे. पाण्याचा नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, हातपंपाची जागा आणि तारीख लिहून, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे ग्रामपंचायतीमार्फत पाठवता येतो. फ्लोराइड निघालेच, तर आधी दुसरा सुरक्षित स्रोत शोधावा. तो नसेल तर नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेली नलगोंडा पद्धत आहे, तिच्यात तुरटीबरोबर चुनाच वापरतात, फक्त मापून. पाणी उकळून काही होत नाही. ते आटते आणि उरलेल्यात फ्लोराइड थोडे दाटच होते.